नोंद साठवण्यापूर्वीची तपासणी : जालना परिसरातील भूमी अभिलेख आणि संगणकीय मॉडेलमधील प्रमाणीकरण – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

माहिती डेटाबेसमध्ये साठवण्यापूर्वी ती तपासून घेणे, हा ऑब्जेक्ट-रिलेशनल मॉडेलचा एक मूलभूत संकेत मानला जातो. तथापि ही कल्पना संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही. मराठवाड्यातील महसुली दप्तरात कोणतीही नोंद हक्काच्या अभिलेखात जाण्यापूर्वी तिची सूचना, हरकत आणि प्रमाणीकरण अशा पायऱ्यांतून तपासणी होत असे व आजही होते. प्रस्तुत शोधनिबंधात जालना परिसराच्या भूमी अभिलेखांचा इतिहास आणि संगणकशास्त्रातील प्रमाणीकरणाचा विकास यांचा एकत्रित विचार करण्यात आला आहे. नोंदीचा आकार यंत्राला तपासता येतो. तिचा खरेपणा मात्र तिच्याशी संबंधित माणसांना विचारूनच ठरतो, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : भूमी अभिलेख, फेरफार, प्रमाणीकरण, डेटाबेस, ऑब्जेक्ट-रिलेशनल मॉडेल, सातबारा, जुना जालना.

प्रस्तावना

कोणत्याही दप्तराची विश्वासार्हता त्यात किती नोंदी आहेत यावर अवलंबून नसते, तर नोंद आत घेताना कोणती तपासणी झाली यावर असते. चुकीची नोंद एकदा दप्तरात गेली की ती तेथे एकटी राहत नाही. तिच्या आधारे पुढील नोंदी होतात, कर्ज मिळते किंवा नाकारले जाते, वारसांमध्ये वाटणी होते आणि अखेरीस न्यायालयात दावे उभे राहतात. म्हणूनच चूक साठवल्यानंतर दुरुस्त करण्यापेक्षा साठवण्यापूर्वी अडवणे केव्हाही श्रेयस्कर ठरते.

महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाचा ज्या डेटाबेसशी सर्वाधिक जिव्हाळ्याचा संबंध येतो तो म्हणजे सातबारा उतारा. या उताऱ्याचा मराठवाड्यातील इतिहास उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. भाषा, लिपी, कालगणना, मापनाची परिमाणे आणि प्रशासकीय सीमा या पाचही बाबतींत येथील दप्तराने अनेक स्थित्यंतरे पाहिली. त्यामुळे नोंदीच्या तपासणीचा प्रश्न समजून घेण्यासाठी जालना परिसर हे एक उपयुक्त अभ्यासक्षेत्र ठरते.

१. जालन्याची अभिलेखीय पार्श्वभूमी

कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर कादराबादसह नवा जालना अशी या शहराची रचना आहे. मध्ययुगीन कागदपत्रांत ‘जालनापूर’ हे नाव आढळते, तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात, विशेषतः १८०३ च्या असईच्या लढाईच्या संदर्भात, या गावाचे नाव वेगवेगळ्या वर्णलेखनात येते. एकाच स्थळाची अनेक नावे आणि एकाच नावाखाली नदीच्या दोन काठांवरील वस्त्या ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला कुतूहलाची वाटेल. दप्तर सांभाळणाऱ्यासाठी मात्र ती एक समस्या आहे. मिळकत नेमकी कोणत्या काठावरची, हे नोंदीत स्पष्ट नसेल तर पुढील सर्व व्यवहार संदिग्ध होतात.

प्रशासकीय सीमांचाही असाच प्रवास झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा करण्यात आला व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यास जोडण्यात आला. परिणामी परतूर परिसरातील एखाद्या गावाच्या १९७० मधील दस्तावर परभणी जिल्हा, तर १९९० मधील दस्तावर जालना जिल्हा असे लिहिलेले असते. दोन्ही नोंदी आपापल्या काळी बरोबरच आहेत. केवळ आजच्या यादीशी ताडून पाहणारी तपासणी यांपैकी जुनी नोंद चुकीची ठरवील.

२. निजामकालीन दप्तर : भाषा, सन आणि परिमाणे

दख्खनमध्ये जमिनीची मोजणी आणि प्रतवारी यांचा पाया मलिक अंबर आणि त्यानंतर औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारीतील दिवाण मुर्शिद कुली खान यांनी सतराव्या शतकात घातला. हैदराबाद संस्थानात आधुनिक महसूल व्यवस्थेची सुरुवात पहिल्या सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीने झाली. त्यानंतरच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सर्वेक्षण व जमाबंदीचे काम हाती घेण्यात आले.

या दप्तराच्या भाषेत एकवाक्यता नव्हती. वरिष्ठ कचेऱ्यांत प्रथम फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू प्रचलित होती. गावपातळीवर मराठी हिशेब मोडी लिपीत लिहिले जात. त्यामुळे एकाच खातेदाराचे नाव दोन लिप्यांतून प्रवास करीत असे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. परिणामी आजच्या देवनागरी नोंदीत एकाच व्यक्तीचे नाव दोन प्रकारे उतरण्याची शक्यता मुळातच निर्माण झाली.

कालगणनेचा प्रश्नही असाच आहे. हैदराबाद संस्थानात फसली सन वापरात होता व त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे. फसली सनात ५९० मिळवले असता इसवी सन मिळतो. जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी मात्र ५९१ मिळवावे लागतात. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. हैदराबाद संस्थानातील जमिनीच्या हक्क अभिलेखाचा कायदा याच वर्षाचा आहे. एखाद्या संगणकीय रकान्यात ‘१३५८’ हा आकडा इसवी सन म्हणून स्वीकारला गेला तर नोंद सहा शतके मागे जाईल. उलट, १९०० पूर्वीचे वर्ष नाकारावे असा सरसकट नियम केल्यास अस्सल जुनी नोंद बाहेर राहील.

१९५४-५५ मध्ये मराठवाड्यात तयार झालेले खासरा पाहणी पत्रक आजही हक्काच्या वादात आधारभूत मानले जाते. त्यात पट्टेदार आणि प्रत्यक्ष कब्जेदार यांच्या नोंदी स्वतंत्रपणे घेतलेल्या आढळतात. कागदोपत्री मालकी आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन भिन्न गोष्टी आहेत याचे भान त्या पत्रकाच्या रचनेतच होते. पुढील काळात रकाने बदलताना हा भेद जेथे पुसला गेला, तेथे वादाला वाव मिळाला.

३. फेरफाराची पद्धत : साठवण्यापूर्वीच्या पायऱ्या

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि मराठवाड्यासह संपूर्ण राज्याला एकच कायदा लागू झाला. या संहितेतील कलम १४८ ते १५९ मध्ये अधिकार अभिलेखाची रचना दिलेली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील कलम १४९ व १५० विशेष महत्त्वाची आहेत.

जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने त्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी, असे कलम १४९ सांगते. ही खबर मिळताच सातबारा बदलत नाही. प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, तात्पुरती नोंद होते. कलम १५० नुसार तिची प्रत चावडीत लावली जाते आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांना लेखी सूचना दिली जाते. हरकत आल्यास ती तोंडी असो वा लेखी, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये घेतली जाते व तिचा निर्णय किमान अव्वल कारकून दर्जाचा अधिकारी देतो. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो. त्यानंतरच ती गाव नमुना ७ मध्ये उतरते.

हस्तलिखित सातबाराच्या काळात प्रमाणित न झालेल्या फेरफाराचा उल्लेख पेन्सिलीने करण्याची आणि प्रमाणीकरणानंतर तो शाईने पक्का करण्याची पद्धत होती. कमी होणाऱ्या नावाला कंस केला जाई. ते खोडून टाकले जात नसे. पेन्सिल आणि कंस या दोन साध्या साधनांत फार मोठे तत्त्व सामावलेले आहे. प्रलंबित नोंद पक्क्या नोंदीपासून वेगळी दिसली पाहिजे आणि जुनी स्थिती कायम वाचता आली पाहिजे, हे ते तत्त्व होय.

कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. मात्र फेरफार नोंदीमुळे मालकी हक्क निर्माण होत नाही किंवा नष्ट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजेच कायद्याने नोंदीला गृहीतकाचे बळ दिले, परंतु तिला सत्य म्हटले नाही.

४. संगणकशास्त्रातील प्रमाणीकरणाचा विकास

आय.बी.एम.मधील संशोधक एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलची मांडणी प्रसिद्ध केली. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि तक्त्यांमधील संबंध गणिती नियमांनी बांधावेत, असा तिचा आशय होता. प्रत्येक ओळीला अनन्य ओळख असावी, एका तक्त्यातील संदर्भ दुसऱ्या तक्त्यात अस्तित्वात असावा, हे निर्बंध स्वतः डेटाबेसने सांभाळावेत, ही परंपरा त्यातून रूढ झाली. गावाची नोंद अस्तित्वात नसेल तर त्या गावातील सर्व्हे क्रमांक साठवता येऊ नये, हे त्याचे महसुली उदाहरण देता येईल.

दुसरीकडे, १९६७ च्या सिम्युला भाषेपासून ऑब्जेक्ट ही संकल्पना विकसित झाली. या पद्धतीत ‘खातेदार’ हा केवळ तक्त्यातील एक ओळ नसतो. नाव, क्षेत्र, हिस्सा हे गुण आणि त्यांचे वर्तन यांसह तो एक घटक असतो. ऑब्जेक्ट आणि तक्ता या दोन रचनांमध्ये दुभाष्याचे काम करणारा थर म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॉडेल. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेला हायबरनेट, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या रेल्समधील २००४ चा अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड आणि २००५ मध्ये खुला झालेला जँगो ही त्याची परिचित उदाहरणे होत.

या थरात साठवण्याच्या आज्ञेपूर्वी तपासणीचे नियम लिहिता येतात. रकाना रिक्त नसावा, आकडा ठरावीक मर्यादेत असावा, दोन रकाने परस्परविसंगत नसावेत, असे हे नियम असतात. नियम मोडल्यास ऑब्जेक्ट साठवला जात नाही आणि कोणत्या रकान्यात काय चुकले याचा संदेश वापरकर्त्याला मिळतो. गाव नमुना ६ मधील तात्पुरती नोंद आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण यांच्याशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येते.

तथापि येथे एक धोका संभवतो. मॉडेलमधील नियम तेव्हाच चालतात, जेव्हा नोंद त्या दारातून आत येते. रेल्समध्ये सामान्य साठवणुकीच्या आज्ञेत तपासणी आपोआप होते, परंतु एकाच वेळी अनेक ओळी बदलणाऱ्या काही आज्ञा ती वगळतात. जँगोमध्ये मॉडेलच्या तपासणीची सोय २०१० च्या १.२ या आवृत्तीत आली, पण साठवण्याची आज्ञा ती तपासणी स्वतःहून करीत नाही. ती स्वतंत्रपणे बोलवावी लागते. अनन्यतेच्या नियमाबाबतही अडचण आहे. दोन कर्मचाऱ्यांनी एकाच क्षणी एकच क्रमांक तपासला तर दोघांनाही तो उपलब्ध दिसेल आणि दोन्ही नोंदी साठवल्या जातील. ही चूक मॉडेलला रोखता येत नाही. त्यासाठी डेटाबेसमध्येच अनन्यतेचा निर्बंध असावा लागतो. तात्पर्य, मॉडेलची तपासणी हा पहिला पहारा आहे, शेवटचा नव्हे.

५. सातबाराचे संगणकीकरण : तपासणीविना साठवणुकीचे मूल्य

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात ती विलीन झाली. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारावरील मजकूर संगणकात भरण्याचे प्रचंड काम या काळात झाले. या कामाचे स्वरूप मुख्यतः नकलेचे होते. कागदावरील नोंदीमागे पिढ्यांची सूचना-हरकत-प्रमाणीकरणाची प्रक्रिया होती. ती नोंद टंकलिखित होताना मात्र त्याच काटेकोरपणे पुन्हा तपासली गेली नाही. त्यामुळे हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा यांत तफावत आढळू लागली.

या तफावतीचे प्रकार अभ्यासण्यासारखे आहेत. समजा, एका सर्व्हे क्रमांकाचे एकूण क्षेत्र ४ हेक्टर २० आर आहे आणि तीन खातेदारांच्या नावे अनुक्रमे १.६०, १.४० व १.३० हेक्टर क्षेत्र नोंदले आहे. बेरीज ४.३० येते, म्हणजे अस्तित्वात नसलेली १० आर जमीन अभिलेखात निर्माण झाली. जुन्या परिमाणांमुळेही असेच घडते. एकरात ४० गुंठे असतात, तर हेक्टरात १०० आर. १ एकर ३० गुंठे म्हणजे पावणेदोन एकर. हीच नोंद कोणी दशांश चिन्ह देऊन १.३० अशी वाचली तर शेतकऱ्याचे १८ गुंठे कागदावरून नाहीसे होतात. गुंठ्यांच्या रकान्यात ३९ हून मोठा आकडा न स्वीकारणे, लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळवणे, हे नियम मॉडेलमध्ये काही ओळींत लिहिता येतात. ते आरंभी नसतील तर प्रत्येक चुकीसाठी माणसाला पुन्हा मूळ कागद उघडावा लागतो.

महाराष्ट्रात नेमके हेच करावे लागले. ई-फेरफार प्रणाली लागू करताना प्रथम एडिट आणि नंतर री-एडिट मॉड्यूल उपलब्ध करून देण्यात आले. क्षेत्राची बेरीज न जुळणारे सातबारे दर्शवणारे विसंगती अहवाल तलाठ्यांना देण्यात आले. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकीकृत सातबारा ग्रामस्थांसमोर वाचून त्यांच्या हरकती घेण्यात आल्या. या शुद्धीकरणानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना उपलब्ध झाला. ज्या चावडीवर फेरफाराची प्रत लावण्याचा संकेत कायद्यात होता, त्याच चावडीकडे संगणकाला परत यावे लागले, ही या प्रक्रियेतील लक्षणीय बाब होय.

आजच्या ई-फेरफारात सूचना, हरकतीचा कालावधी आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण या पायऱ्या प्रणालीतच गुंफलेल्या आहेत. २०२४ मध्ये तलाठी हे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले, परंतु नोंदीचा क्रम तोच राहिला.

६. नियमाच्या मर्यादा

नियमांनाही काळ असतो, हे विसरून चालत नाही. तुकडेबंदी कायद्यांतर्गत २०२३ मध्ये राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांसाठी जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ठरवण्यात आले व त्यानंतरही या कायद्यात बदल होत राहिले. आजची मर्यादा मॉडेलमध्ये सरसकट लागू केली तर जुन्या काळी कायदेशीरपणे धारण केलेला लहान तुकडा अवैध ठरेल. इनाम किंवा वतनाच्या जमिनी भोगवटादार वर्ग २ मध्ये येतात व त्यांच्या हस्तांतरणास सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. हा नियमही ज्या तारखेला व्यवहार झाला त्या तारखेच्या कायद्यानुसारच तपासावा लागतो.

याहून मूलभूत मर्यादा वेगळी आहे. नाव रिक्त नाही, क्षेत्राची बेरीज जुळते, खाते क्रमांक अनन्य आहे, गावाचा संदर्भ अचूक आहे. अशी सर्व कसोट्यांना उतरलेली नोंद एखाद्या मृत व्यक्तीच्या नावावर असू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेऊन मृत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद करण्याचा कार्यक्रम राबवला. अशा मोहिमेची गरज भासावी, यातच तांत्रिक प्रमाणीकरणाची सीमा स्पष्ट होते. विधवा, विवाहित मुली आणि गावाबाहेर स्थायिक झालेले भाऊ यांची नावे वारस नोंदीतून गळाली, तर कोणतीही प्रणाली लाल अक्षरांत इशारा देणार नाही. तेथे सूचनेची नोटीस योग्य व्यक्तीच्या हाती पडणे हीच खरी तपासणी ठरते.

नोंदीचा उपयोग कोणत्या कारणासाठी होईल हेही तिच्या लेखकाला ठाऊक नसते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने मराठवाड्यातील उर्दू व मोडी अभिलेखांचा शोध मोठ्या प्रमाणावर घेतला गेला. महसुलासाठी लिहिलेले कागद सामाजिक ओळखीचे पुरावे म्हणून वाचले जाऊ लागले. मूळ नोंद जशीच्या तशी जपणे आणि तिचे वाचन स्वतंत्रपणे नोंदवणे किती आवश्यक आहे, हे यातून दिसून येते. तपासणीच्या नावाखाली जुना शब्द ‘दुरुस्त’ करून साठवला, तर पुढच्या पिढीचा पुरावा नष्ट होतो.

निष्कर्ष

१) साठवण्यापूर्वी तपासण्याचे तत्त्व महसुली दप्तरात संगणकापूर्वीच प्रस्थापित झाले होते. फेरफार नोंदवही, पेन्सिलीचा उल्लेख आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण ही त्याची रूपे होत.

२) संगणकीय अभिलेखाला तीन स्तरांवरील तपासणी आवश्यक आहे. नोंदीचा आकार व अंतर्गत सुसंगती मॉडेलने, अनन्यता व संदर्भ डेटाबेसने आणि खरेपणा संबंधित व्यक्तींना दिलेल्या सूचनेने तपासला पाहिजे. यांपैकी एक स्तर दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

३) तपासणीचे नियम तारखेसह साठवणे गरजेचे आहे. फसली सन, गुंठ्याचे परिमाण, बदललेले जिल्हे आणि बदललेले कायदे असलेल्या मराठवाड्यासारख्या प्रदेशात आजच्या नियमाने कालची नोंद नाकारणे अन्यायकारक ठरते.

४) नाकारलेली नोंद नाहीशी होऊ नये. गाव नमुना ६-अ मध्ये हरकत जशी नोंदली जाते व तिची पोच दिली जाते, तशी संगणकानेही नाकारण्याचे कारण अर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे आणि जतन करावे.

५) महाविद्यालयांतील संगणकशास्त्र व इतिहास या विभागांनी स्थानिक अभिलेखांवर संयुक्त प्रकल्प हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना प्रमाणीकरणाचे नियम काल्पनिक उदाहरणांऐवजी खासरा पाहणी पत्रक आणि सातबारा यांवरून शिकता येतील. मोडी व उर्दू वाचणारे अभ्यासक आणि प्रणाली रचणारे अभियंते यांनी एकाच नोंदीवर एकत्र काम करणे ही मराठवाड्याच्या अभिलेखांची आजची निकड आहे.